तक्त्याला गुण, की मुलाला? गटात शिकण्याचं मूल्यमापन कसं करायचं

भिंतीवर तक्ता लागलेला असतो. मोत्यासारखं अक्षर, नीट रंगवलेली आकृती, खाली चार नावं. आपण वीसपैकी अठरा लिहितो आणि पुढच्या तक्त्याकडे वळतो. त्या चौघांतल्या एकाला बाजूला घेऊन "या आकृतीत काय दाखवलंय?" असं विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर येतं, "ते तिने काढलंय. मी रंग भरले."

मी कित्येक वर्षं असेच तक्त्यांना गुण दिले आणि ते चौघांत सारखे वाटले. गटकार्य घेतलं, मुलं रमली, नोंदवहीत आकडे भरले गेले. कोण काय शिकलं हे मात्र त्या आकड्यांवरून मला कधीच सांगता आलं नसतं. पुढे पद्धत बदलली ती एकाच जाणिवेतून: काम गटाचं असतं, शिकणं एकेका मुलाचं असतं, आणि गटाची खरी किंमत या दोहोंच्या मधे, मुलांच्या बोलण्यात असते. म्हणून या तिन्ही ठिकाणी वेगवेगळं बघावं लागतं. ते कसं बघायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: काय तपासायचं ते आधी वेगळं करा

गटकार्यातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, तयार झालेली वस्तू: तक्ता, अहवाल, प्रतिकृती, सादरीकरण. दुसरी, प्रत्येक मुलाला विषय किती कळला. तिसरी, मुलांनी एकत्र काम कसं केलं. आपली गल्लत होते ती या तिन्हींना मिळून एकच आकडा देण्यात. अठरा गुण पाहून पालकाला वाटतं, पोराला धडा समजला. पोराला वाटतं, तक्ता छान झाला. वर्गशिक्षकांना वाटतं, हा गटात मिळूनमिसळून वागतो. आकडा एकच आणि अर्थ तीन.

म्हणून उपक्रम आखतानाच कागदावर तीन रकाने पाडा: वस्तू, समज, सहभाग. या वेळी त्यांतला कोणता तपासणार आहात त्यावर खूण करा. दर वेळी तिन्ही तपासायची गरज नाही. किंबहुना तपासूच नका, दमून जाल. एखाद्या आठवड्यात फक्त सहभागाकडे लक्ष द्यायचं आणि वस्तूला नुसता शेरा द्यायचा, असं चालतं. आज तुम्ही काय बघणार आहात हे मुलांना मात्र आधी सांगा. अक्षराला गुण आहेत असं वाटलं, की मुलं सुवाच्य अक्षराच्या मुलीच्या हातात पेन देतात आणि बाकीचे मोकळे होतात. त्यात त्यांची चूक नाही, आपण जे मोजतो तेच ती करतात.

पायरी २: काम खरोखर गटाचं आहे का, हे तपासा

एकटा हुशार मुलगा वीस मिनिटांत संपवेल असं काम चौघांना दिलं, तर तो ते वीस मिनिटांत संपवेलच आणि उरलेले तिघे बघत बसतील. मग तुम्ही कितीही बारकाईने निरीक्षण करा, दिसण्यासारखं काही घडलेलंच नसतं. सहभागाचं मूल्यमापन फसतं ते बहुतेक वेळा याच ठिकाणी, आणि आपण दोष मुलांच्या आळसाला देतो.

हे फक्त मुलांचं नाही. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं होतं. ते निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला. आठ जण एकत्र ओढताना प्रत्येकाच्या वाट्याचं बळ एकट्याने ओढताना लागायचं त्याच्या निम्म्यावर आलं होतं. थोडं नुकसान सगळ्यांचा जोर एकाच क्षणी न लागल्यामुळे होतं. पण पुढच्या संशोधनातून हेही दिसलं, की आपला वाटा वेगळा ओळखू येणार नाही असं वाटलं की माणूस नकळत हात सैल सोडतो. वर्गातल्या मोठ्या गटात नेमकं हेच घडतं. म्हणून गट तिघांचा किंवा चौघांचा ठेवा. सहांच्या गटात हमखास दोन गट पडतात, किंवा दोन मुलं प्रेक्षक होतात.

प्रत्येकाशिवाय काम अडेल अशी रचना हवी. याचा सर्वांत चांगला नमुना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरॉन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांमध्ये वापरला. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. ज्यांचा तुकडा सारखा ती वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो नीट समजून घेत, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवत. चाचणी मात्र सगळ्या धड्यावर असायची. त्यामुळे ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्याचंही ऐकणं भाग पडलं. जोडकोड्यासारखी ही पद्धत आजही कुठल्याही विषयात वापरता येते, आणि मूल्यमापनाच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा असा, की कुणी काय समजावायचं होतं हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

दर वेळी एवढी तयारी होत नाही. तेव्हा निदान काम असं निवडा, ज्याला एकाहून अधिक वाटा आहेत किंवा ज्यात निवड करून कारण द्यावं लागतं. "पाच उदाहरणं लिहा" हे गटाचं काम नव्हे. "या पाचांतलं कोणतं उदाहरण इथे बसत नाही आणि का, हे चौघांनी एकमताने ठरवा" हे गटाचं काम आहे.

पायरी ३: निकष डोळ्यांना दिसतील अशा भाषेत लिहा

"सहकार्यवृत्ती: चांगली." असे शेरे आपण सगळ्यांनी लिहिलेत. त्यातून ना मुलाला कळतं काय करायचं, ना पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कळतं मूल कसं आहे. निकष असा हवा की तो वाचून मूल म्हणेल, "हे मी आज केलं" किंवा "हे मी नाही केलं."

इथे ब्रिटिश संशोधक नील मर्सर यांची मांडणी मला सर्वांत उपयोगी पडली. गटातलं बोलणं त्यांना तीन प्रकारचं दिसलं. एक, वादाचं: "नाही", "हो", "तुला काय कळतं", आणि कारण कुणीच देत नाही. दोन, होकाराचं: एक बोलतो, बाकीचे "हो, बरोबर" म्हणतात, गोडीगुलाबीने काम पुढे सरकतं, पण तपासून कुणीच बघत नाही. तीन, शोधाचं: मुलं एकमेकांच्या मुद्द्याला हात घालतात, कारण मागतात, कारण देतात, पटलं तर मत बदलतात. बाहेरून पाहिलं तर दुसऱ्या प्रकारचा गट सगळ्यांत आदर्श वाटतो. शांत, हसतमुख, वेळेत काम पूर्ण. त्यालाच आपण पैकीच्या पैकी देतो. शिकण्याच्या दृष्टीने मात्र तिसरा गट मोलाचा असतो, आणि त्या गटात आवाज जरा चढलेलाच असतो.

दुसरा आधार नोरीन वेब यांच्या संशोधनाचा. छोट्या गटांत गणित सोडवणाऱ्या मुलांचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला. जी मुलं दुसऱ्याला कारणांसह समजावून सांगत होती त्यांचं स्वतःचं शिकणं चांगलं होत होतं. नुसतं उत्तर मिळालेल्या मुलांना मात्र त्याचा उपयोग होत नव्हता, उलट तोटाच दिसत होता. म्हणजे "मदत केली" एवढी नोंद पुरेशी नाही. उत्तर दाखवलं की वाट दाखवली, हे वेगळं लिहायला हवं.

या दोन्हींवरून मी चारच निकष धरतो:

कारण देणं: आपलं म्हणणं मांडताना "कारण" सांगतो का?
जोडून घेणं: दुसऱ्याच्या मुद्द्याचा उल्लेख करून त्यात भर घालतो किंवा तो तपासतो का?
समजावणं: अडलेल्याला पायऱ्या दाखवतो की फक्त उत्तर सांगतो?
मदत मागणं: अडल्यावर नेमकं कुठे अडलं ते सांगून विचारतो का?

चौथा निकष अनेकांना विचित्र वाटतो. पण नेमका प्रश्न विचारता येणं हे शिकण्यातलं मोठं कौशल्य आहे. "मला काहीच कळलं नाही" आणि "छेद सारखा केला इथपर्यंत कळलं, पुढे वजा का केलं ते नाही कळलं" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

प्रत्येक निकषाच्या तीन-चार पातळ्या लिहा. नमुन्यादाखल "जोडून घेणं" या निकषाच्या पातळ्या अशा होतील. पहिली: दुसरा बोलत असताना स्वतःचंच काम चालू, किंवा स्वतःचाच मुद्दा पुन्हा पुन्हा. दुसरी: ऐकतो, "बरोबर" किंवा "चूक" म्हणतो, पुढे काही नाही. तिसरी: "ती म्हणाली तसं केलं तर..." असं म्हणून भर घालतो. चौथी: दोघांची मतं शेजारी ठेवून ती तपासायचा मार्ग सुचवतो. पातळीला "उत्तम, मध्यम, कनिष्ठ" अशी नावं देऊ नका. वाक्यंच पुरेशी आहेत.

शक्य असेल तर ही वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या. एका गटाचं दोन मिनिटांचं बोलणं त्यांची परवानगी घेऊन वर्गाला ऐकवा आणि विचारा, "यातलं कुठलं वाक्य ऐकून काम पुढे गेलं?" मुलं अचूक बोट ठेवतात. त्यांच्या शब्दांत लिहिलेले निकष फळ्याच्या कोपऱ्यात राहिले, की मूल्यमापन हे वरून लादलेलं वाटत नाही.

पायरी ४: दोनच गट बघा, पण नीट बघा

चाळीस मुलं, दहा गट, पस्तीस मिनिटांची तासिका. सगळ्यांकडे बघायला गेलात तर कुणाचंच काही दिसत नाही. तासाला दोन गट ठरवा. प्रत्येकाजवळ सहा-सात मिनिटं थांबा. पाच तासिकांत सगळ्या वर्गाची एक फेरी पूर्ण होते, आणि एका सत्रात अशा तीन फेऱ्या झाल्या तरी प्रत्येक मुलाच्या तीन भरीव नोंदी हाती येतात. बाकीच्या आठ गटांपाशी त्या तासाला तुम्ही नेहमीसारखे फिराल, अडलेल्यांना हात द्याल, पण नोंद करणार नाही.

गटाजवळ जाताच बोलू नका. शिक्षक आले की मुलांचं एकमेकांशी बोलणं थांबतं आणि ती आपल्याशी बोलू लागतात. किंचित मागे, त्यांच्या समोर न येता उभं राहा. एखाद्याने वर पाहून "बरोबर आहे का?" विचारलं, तर "गटात विचारलंस का?" एवढंच म्हणा.

नोंदीसाठी लांबलचक तक्ते नकोत. चौघांची आद्याक्षरं चार कोपऱ्यांत लिहा आणि खुणा करत जा: कारण दिलं तर "का", जोडून घेतलं तर "जो", समजावलं तर "स", नुसतं उत्तर सांगितलं तर "उ", प्रश्न विचारला तर "प्र". आणि एखादं वाक्य जसंच्या तसं टिपून घ्या. ते एक वाक्य पुढे सगळ्या खुणांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

अशी एक नोंद उघडून दाखवतो. काम होतं क्लेचा गोळा पाण्यात बुडतो, पण त्याच गोळ्याची वाटी केली की तरंगते, याचं कारण शोधायचं. चौघांचा गट. त्यांना मी इथे पहिला, दुसरी, तिसरा आणि चौथी म्हणतो.

पहिला: "गोळा जड आहे, म्हणून बुडतो. लिहा."
तिसरा: "पण वाटी त्याच गोळ्याची केली ना. वजन तेवढंच."
पहिला: "मग पसरली म्हणून तरंगली. लिहा, पसरल्यामुळे."
दुसरी लिहायला लागली. चौथी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पसरली म्हणून म्हणजे? एकदम सपाट केली तर तरंगेल?"
पहिला: "हो, तरंगणारच."
चौथीने वाटी उचलली, दाबून चपटी केली आणि पाण्यात सोडली. ती बुडाली. क्षणभर कुणी बोललं नाही.
तिसरा: "कडा पाहिजेत. कडा असल्या की पाणी आत येत नाही."
दुसरी, पेन खाली ठेवून: "म्हणजे आत हवा असते तेवढी जागा... वाटीने जास्त पाणी बाजूला सारलं."

सहा मिनिटांत पहिल्याची अकरा वाक्यं झाली, चौथीची दोन. बोलणं मोजलं असतं तर पहिला अव्वल ठरला असता. माझ्या कागदावर त्याच्यापुढे चार "उ" होते. चौथीपुढे एकच "प्र" आणि एकच "जो", पण सगळा गट त्या एका प्रश्नावर वळला. आणि "पसरल्यामुळे" असं लिहायला बसलेली दुसरी, जी मला नुसती लेखनिक वाटली होती, तिनेच शेवटी मुद्दा पूर्ण केला. तक्त्यावर यातलं काहीही आलं नाही. तिथे फक्त बरोबर उत्तर होतं.

म्हणून किती वेळा बोललं हे मोजू नका. बोलण्याने काय झालं ते टिपा.

पायरी ५: गट उठल्यावर प्रत्येकाला एकट्याने विचारा

ही पायरी वगळली तर बाकी सगळं वाया जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. गटाचं उत्तर बरोबर आलं म्हणजे प्रत्येकाला ते कळलं, असं मुळीच नाही. त्यासाठी मोठी परीक्षा लागत नाही. तीन सोपे मार्ग आहेत.

पहिला, पाच मिनिटांची चिठ्ठी. गटकार्य संपलं की वह्या बंद, तक्ते उलटे, आणि प्रत्येकाने एका प्रश्नाचं उत्तर एकट्याने लिहायचं. प्रश्न गटात सोडवलेलाच नको, त्याच्या शेजारचा हवा. वरच्या कामानंतर मी विचारलं, "तरंगणाऱ्या वाटीत एक एक गोटी टाकत गेलो तर काय होईल आणि का?" गटाचं वाक्य पाठ केलेल्याला हे लिहिता येत नाही, समजलेल्याला येतं.

दुसरा, क्रमांक पुकारणं. गटात प्रत्येकाला एक ते चार क्रमांक द्या. चर्चा संपल्यावर "तीन" असं म्हणा, की प्रत्येक गटातला तिसरा उभा राहून गटाचं उत्तर कारणासह सांगेल. कुणाचा क्रमांक येणार हे आधी माहीत नसल्यामुळे, गट आपल्यातल्या सगळ्यांना समजलंय ना याची काळजी आपसूक घेतो. इथे एक पथ्य पाळा: तिसऱ्याला उत्तर आलं नाही म्हणून गटाचे गुण कापू नका. नाहीतर तासानंतर तो तिसरा गटाचा रोष सोसतो. "गटात परत विचारून ये, दोन मिनिटांनी पुन्हा येतो" एवढं पुरेसं असतं.

तिसरा, दोन टप्प्यांची चाचणी. आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवून उत्तरपत्रिका द्यायची. लगेच तीच प्रश्नपत्रिका गटाने मिळून सोडवायची, गटाची एकच उत्तरपत्रिका. दोन्ही शेजारी ठेवल्या की गटात काय घडलं ते लख्ख दिसतं: एकट्याने चुकलेला प्रश्न गटात बरोबर आला का, की बरोबर आलेल्याचं कुणी ऐकलंच नाही? मोठ्या वर्गांसाठी मला हा प्रकार सर्वांत आवडतो, कारण चर्चा ऐन गरमागरम असते. प्रत्येकाने आधीच एका उत्तरावर आपलं नाव घातलेलं असतं. गुण देताना एकट्याच्या उत्तरपत्रिकेला मोठा वाटा ठेवा, समजा ८० टक्के, आणि गटाच्या उत्तरपत्रिकेला २० टक्के.

गटाला बक्षीस द्यायचंच असेल, तर अमेरिकन शिक्षणसंशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांची कल्पना घ्या. तिथे गटाचे गुण प्रत्येक मुलाने स्वतःच्याच आधीच्या सरासरीपेक्षा किती प्रगती केली त्यावरून ठरतात. नेहमी ४० मिळवणाऱ्याने ५५ मिळवले तर तो गटाला भर घालतो, ९० चे ९० राहिलेल्यापेक्षा जास्त. मागे राहणारं मूल मग गटाला ओझं वाटत नाही.

पायरी ६: मुलांना स्वतःचं आणि एकमेकांचं मूल्यमापन करू द्या, पण जपून

आपण किती केलं हे माणसाला नेहमी जास्तच आठवतं. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नवराबायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा वेगवेगळा विचारला. बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात लबाडी नसते, स्वतः केलेलं सहज आठवतं एवढंच. मुलंही तशीच. म्हणून स्वतःला गुण द्यायला सांगू नका, प्रसंग लिहायला सांगा. "आज कुणाच्या बोलण्यामुळे माझं मत बदललं?" "मी कुणाला काय समजावलं?" "मला कुठे गप्प बसावंसं वाटलं?" ही तीन उत्तरं वाचायला एका मुलामागे अर्धं मिनिट लागतं, आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तर कधीकधी डोळ्यांत पाणी आणतात.

एकमेकांना गुण देणं लहान वर्गांत टाळा. तिथे मैत्री आणि भांडणच मोजलं जातं. साधारण आठवीपासून पुढे, आणि आठवडाभर चाललेल्या मोठ्या प्रकल्पासाठीच ते वापरा. पद्धत अशी: प्रत्येकाने स्वतःला सोडून उरलेल्या तिघांत ३० गुण वाटायचे आणि प्रत्येक आकड्यामागे एका वाक्यात प्रसंग लिहायचा. चिठ्ठ्या थेट तुमच्याकडे येतील, गटात वाचल्या जाणार नाहीत.

हिशेब सोपा आहे. सगळ्यांचा वाटा सारखा असता तर प्रत्येकाला तिघांकडून १० प्रमाणे ३० मिळाले असते. समजा चौघांना मिळाले ३६, ३३, ३० आणि २१. त्यांना ३० ने भागलं की गुणक निघतात: १.२, १.१, १ आणि ०.७. प्रकल्पाला वीसपैकी १६ मिळालेत. हे १६ सरसकट गुणकाने गुणले तर शेवटच्या मुलाला ११.२ मिळतील, जे मला फार कठोर वाटतं. म्हणून निम्मे गुण, म्हणजे ८, सगळ्यांना सारखे ठेवा आणि उरलेल्या ८ लाच गुणक लावा. मग गुण होतात १७.६, १६.८, १६ आणि १३.६. फरक दिसतो, पण कुणी चिरडलं जात नाही.

आणि एक गोष्ट कधीही चुकवू नका. कुणाचा गुणक ०.८ च्या खाली आला, तर आकडा भरण्याआधी त्या मुलाशी एकट्याने बोला. तिघांनी मिळून एकाला पाडणं ही वर्गात घडणारी गोष्ट आहे. तुमच्या निरीक्षणाच्या नोंदीशी मुलांचे आकडे जुळत नसतील, तर तुमच्या नोंदीवर विश्वास ठेवा आणि गुणक लावू नका.

गप्प मुलं आणि गट ताब्यात घेणारी मुलं

हा भाग पायऱ्यांत बसत नाही, पण माझा सर्वाधिक जीव इथे गुंततो.

गटात कोण बोलतं हे समजेवर कमी आणि मानावर जास्त ठरतं. जो वाचनात पटाईत, जो खेळात पुढे, ज्याची भाषा शिक्षकांच्या भाषेच्या जवळची, त्याचं ऐकलं जातं, मग विषय कुठलाही असो. एलिझाबेथ कोहेन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात यावर दीर्घकाळ काम केलं. त्यांचा एक उपाय इतका साधा आहे, की तो उद्यापासून करता येईल. ज्याला वर्गात मान नाही अशा मुलाने काही नेमकं, खरं आणि कामाचं केलेलं दिसलं, की ते त्याच्या गटासमोर नाव घेऊन सांगायचं. "सपाट करून बघूया हे हिने सुचवलं नसतं तर तुम्ही चुकीचं कारण लिहून बसला असतात. अशी चाचपणी करायची असेल तर हिला विचारा." यात एक अक्षरही खोटं नको. मुलं खोटी शाबासकी लगेच ओळखतात, आणि त्या मुलाची पत आणखी घसरते.

म्हणजे निरीक्षणाची वही फक्त गुणांसाठी नसते. तिच्यात टिपलेलं ते एक वाक्य त्याच तासाला त्या गटाला परत द्यायचं असतं.

गप्प मुलाला गुण कापण्याआधी तो का गप्प आहे हे बघा. काही मुलं आधी ऐकतात, मग बोलतात. काहींना त्या भाषेत बोलायचा धीर नसतो. त्यांच्यासाठी चर्चेआधी दोन मिनिटं एकट्याने लिहायला द्या, मग जोडीत बोलायला, मग चौघांत. हातात लिहिलेलं काही असलं की तोंड उघडतं. एखाद्या मुलाचं बोलणं तरीही कमीच राहिलं, पण चिठ्ठीत समज दिसली आणि गटाच्या वहीत त्याने केलेल्या दुरुस्त्या दिसल्या, तर सहभाग कमी असं लिहू नका. "ऐकून, लिहून सहभागी होतो" असं लिहा.

गट ताब्यात घेणाऱ्या मुलाला रागावून उपयोग नसतो. त्याला पुढच्या वेळी काम द्या: "आज तू उत्तर सांगायचं नाहीस, फक्त बाकीच्यांना प्रश्न विचारायचेस." त्या क्लेच्या गटातल्या पहिल्याला मी हे दिलं, तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं तो ओठ घट्ट दाबून बसला होता. मग त्याने विचारलं, "तुला असं का वाटतं?" माझ्या वहीत त्याच्या नावापुढे उमटलेला तो पहिला "प्र" होता.

पायरी ७: गुण कसे मांडायचे

मोठ्या प्रकल्पाच्या ५० गुणांची मी वापरतो ती विभागणी अशी: एकट्याची समज, म्हणजे चिठ्ठी, तोंडी प्रश्न, छोटी चाचणी मिळून २५. सहभाग, तुमच्या नोंदी आणि मुलाने लिहिलेले प्रसंग मिळून १५. गटाची वस्तू १०. आधी मी हे नेमकं उलटं करायचो, वस्तूला निम्मे. तुमच्या शाळेची चौकट वेगळी असेल तर आकडे बदला, पण एकट्याच्या समजेचा वाटा सर्वांत मोठा राहू द्या.

रोजच्या छोट्या गटकामाला गुणच नकोत. ते आकारिक मूल्यमापन आहे, त्यातून पुढचा तास कसा घ्यायचा हे ठरवायचं. मुलांना दर मिनिटाला आपण तोललं जातोय असं वाटलं, की ती चुकीचा अंदाज मोठ्याने बोलायचं सोडून देतात, आणि शोधाचं बोलणं संपतं.

आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत २०१५ साली मिळून प्रश्न सोडवण्याचं कौशल्य तपासलं, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलांचे जोडीदार संगणकातले होते. जोडीदार खरा असता तर त्याच्या हुशारीवर किंवा स्वभावावर गुण अवलंबून राहिले असते, म्हणून ही तजवीज. वर्गात आपल्याला तशी सोय नाही, आणि नकोही. पण त्यातून घेण्यासारखं एक आहे: एकाच गटात पाहिलेल्या मुलाबद्दल पक्कं मत बनवू नका. सत्रात निदान तीन वेगवेगळ्या गटांत त्याला बघा. एका गटात मुका बसणारा दुसऱ्या गटात सगळ्यांना समजावताना दिसतो, हे मी वारंवार पाहिलंय.

पायरी ८: शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा

घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी काम थांबवा, ते अपुरं असलं तरी. प्रत्येक गटाने दोन प्रश्नांवर बोलायचं: आज आपल्या गटात कशामुळे काम पुढे गेलं? पुढच्या वेळी एक गोष्ट वेगळी कोणती करू? उत्तर एका ओळीत गटाच्या वहीत लिहायचं, तारखेसह. "आम्ही चांगलं काम केलं" अशी ओळ आली तर परत करा आणि विचारा, "कोणत्या क्षणी?"

पुढच्या गटकामाची सुरुवात ती ओळ मोठ्याने वाचून करायची. दोन-तीन महिन्यांनी त्या ओळी एकाखाली एक वाचून बघा. माझ्याकडच्या एका गटाची पहिली ओळ होती, "सगळ्यांनी भांडू नये." चौथी होती, "भांडताना कारण सांगायचं." सातव्या वेळी त्यांनी लिहिलं होतं, "उत्तर लवकर आलं म्हणून आम्ही ते चुकीचं आहे का ते पण बघितलं."

वार्षिक नोंदपत्रकात त्या चौघांच्या नावापुढे मी या तीन ओळी जशाच्या तशा उतरवल्या.